प्रवासात एरोप्रेसवर चांगली कॉफी: घरची तयारी आणि वाटेवरची कृती

हॉटेलच्या खोलीत विजेची किटली, दोन कप आणि इन्स्टंट कॉफीच्या पुड्या ठेवलेल्या असतात. त्यातली किटली आणि कप आपल्या कामाचे. बाकीचे काम एरोप्रेस, म्हणजे पाव किलोच्या आत वजन असलेले एक प्लॅस्टिकचे नळकांडे करते: त्यात कॉफी भिजवायची आणि दट्ट्याने दाबून गाळायची.

कॉफीची इतर साधने प्रवासात अडचणीची. जाळीच्या दट्ट्याची फ्रेंच प्रेस काचेची असली तर फुटते, स्टीलची असली तर जड पडते आणि दोन्हींचा गाळ धुवायला बरेच पाणी लागते. मोका पॉटला शेगडी हवी. दक्षिणी पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन उतरायला निवांत वेळ हवा. एरोप्रेसला गरम पाणी, एक दणकट कप आणि तीन मिनिटे पुरतात आणि चोथा कोरड्या चकतीसारखा बाहेर पडतो. हा एरोप्रेस अ‍ॅलन अ‍ॅडलर या कॅलिफोर्नियातल्या संशोधकाने २००५ साली बाजारात आणला. हवेत तरंगत लांब जाणारे ‘एरोबी’ हे फेकायचे कडेही त्यांचेच. २००८ मध्ये ऑस्लोत तीन स्पर्धकांवर सुरू झालेली एरोप्रेसची स्पर्धा आता जगभरात होते आणि तिथे जिंकलेल्या कृती सगळीकडे वाचायला मिळतात. मात्र त्यातल्या बऱ्याच कृतींना तापमान दाखवणारी किटली, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि ठरावीक प्रकारचे पाणी लागते. प्रवासात यातले काहीच हाताशी नसते. म्हणून मोजायचे ते सगळे घरी मोजून घ्या. वाटेवर मोजण्यासारखे काही उरताच कामा नये.

सुटे भाग थोडे आहेत: नळकांडे, त्यात सरकणारा दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाचे रबरी सील, खालचे जाळीचे झाकण (याला कॅप म्हणू), गोल कागदी फिल्टर आणि ढवळणी. सोबत मिळणारे नरसाळे आणि मापाचा चमचा घरीच ठेवा. ढवळणीही विसरली तर चमच्याच्या दांड्याने भागते.

निघण्याआधी: कॉफी

किराणा दुकानात ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणारी बहुतेक पूड चिकोरी घातलेली असते. कॉफीचे प्रमाण निदान ५१ टक्के असावे आणि चिकोरी किती आहे ते पाकिटावर छापावे, असा नियम आहे, तेव्हा पाकीट उलटून पाहिले की कळते. चिकोरी वाईट असते असे नाही. पितळी फिल्टरमध्ये, दुधाबरोबर, तिची स्वतःची चव आहे. पण पाण्यात ती चिकट होते, आणि ही पूडही फार बारीक असते. एरोप्रेसच्या कागदावर तिचा लगदा बसतो आणि दट्ट्या जागचा हलत नाही. मग माणूस जोर लावतो आणि कप कलंडतो. चिकोरी नसलेली, शंभर टक्के कॉफीच घ्या.

चिकमगळूर, कोडगू या भागातली मध्यम भाजणीची अरेबिका जातीची कॉफी प्रवासासाठी सगळ्यात सोयीची. पाणी थोडे कमी-जास्त तापलेले असले तरी ती सांभाळून घेते. हलक्या भाजणीची कॉफी घरी सुंदर लागते, पण तिला खरोखर उकळते पाणी हवे, आणि प्रवासात हमी नसते ती नेमकी त्याचीच. दूध घालूनच पिणार असाल तर गडद भाजणी किंवा मॉन्सून्ड मलबार घ्या. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेल्या या बियांत आंबटपणा फार कमी असतो. पाकिटावर भाजणीची तारीख पाहा. भाजल्यानंतर एका आठवड्यापासून महिनाभरापर्यंतचा काळ चांगला.

दळण

एरोप्रेससाठी दळण बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक, म्हणजे टेबलावरच्या मिठासारखे हवे. चिमटीत घेऊन चोळले की कण बोटांना जाणवले पाहिजेत. इडली रव्यासारखे जाड झाले तर पाणी भराभर खाली गळते आणि कॉफी पाणचट होते. मैद्यासारखे झाले तर दट्ट्या अडतो.

घरच्या मिक्सरमध्ये दळू नका. पाते बिया कापत नाही, फोडते, त्यामुळे एकाच भांड्यात मैदाही पडतो आणि भरडही. मैद्यातून कडवटपणा उतरतो, भरडीतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. अशी कॉफी वेळ किंवा पाणी बदलून सुधारत नाही.

हाताने फिरवायचा, दातेरी चक्क्यांचा छोटा ग्राइंडर जवळ असेल तर उत्तम. पोर्लेक्स मिनीसारखे काही ग्राइंडर दट्ट्याच्या पोकळीतच बसतात, त्यांना बॅगेत वेगळी जागा लागत नाही. चार दिवसांच्या सहलीसाठी मात्र आम्ही ग्राइंडर विकत घ्यायला सांगणार नाही. चांगल्या रोस्टरकडे, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडे, ‘एरोप्रेससाठी’ एवढे म्हटले की ते दळून देतात; मुंबईचे सुबको किंवा नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन यांना हे नवे नाही. दळलेल्या कॉफीचा वास हवेत भराभर उडतो, म्हणून आठवड्यापुरतीच दळून घ्या. त्याहून मोठ्या प्रवासाला बिया न्या.

पुड्या आणि खूण

पुढचे काम घरीच, स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. १४ ग्रॅम कॉफीची एक अशा पुड्या छोट्या झिपच्या पिशव्यांत भरा, हवा दाबून बाहेर काढा आणि सगळ्या पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बिया नेत असाल तर त्याही अशाच मोजा. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात जाणार असाल तर हे टाळू नका. मोठे पाकीट रोज उघडले की दमट हवेने पुडीत गोळे होतात, आणि त्या गोळ्यांच्या आतली कॉफी कोरडीच राहते.

मग कप ठरवा. प्रवासातल्या चुका सर्वात जास्त इथे होतात, कारण दाबताना सगळा भार कपावर येतो. कपाचे तोंड साधारण ७ ते ९ सेंटिमीटर हवे. कटिंग चहाचा ग्लास अरुंद पडतो. कागदी पेला चेपतो. पातळ काचेच्या ग्लासावर कधीही दाबू नका. तो फुटला तर उकळती कॉफी आणि काच दोन्ही हातावर येतात. घरातले फुलपात्र तोंडाच्या मापाने चालते, पण बुडाशी निमुळते असल्याने घसरते आणि स्टील पकडवत नाही इतके तापते, म्हणून रुमाल गुंडाळावा लागतो. सगळ्यात बरा, उभ्या बाजूंचा, कानाचा स्टीलचा मग. एकच मग ठरवा आणि प्रत्येक प्रवासात तोच न्या.

त्या मगात २०० मिली पाणी मोजून ओता आणि ते कुठवर येते ते पाहा. ‘काठाखाली दोन बोटे’ अशी खूण लक्षात राहिली तरी पुरे; नाहीतर आतून खिळ्याने बारीक ओरखडा काढा. आता काट्याची गरज उरली नाही. एक पुडी, एक खूण. ‘एरोप्रेस गो’ हे लहान मॉडेल असेल तर त्याचे नळकांडे आखूड असते. त्याला १२ ग्रॅम कॉफी आणि १७० मिली पाणी घ्या.

निघण्यापूर्वी याच सामानाने घरी दोनदा कॉफी करून पाहा. दळण चुकले असेल तर ते घरी कळलेले बरे.

कृती

१. कॅपमध्ये कागद सपाट बसवा, थोड्या पाण्याने ओला करा आणि कॅप फिरवून घट्ट लावा. ती तिरकी लागली तर दाबताना बाजूने गरम पाणी उडते. लावल्यावर एकदा डोळ्यांच्या रेषेत धरून कड सगळीकडे सारखी आहे ना, ते बघा.

२. पाणी खळखळून उकळू द्या आणि मगात खुणेपर्यंत ओता. यात पाणी मोजले जाते, मग तापतो आणि पाणी काही अंशांनी उतरते. मध्यम भाजणीला ते उतरलेले तापमान बरोबर बसते. भाजणी हलकी असेल तर मग आधी गरम पाण्याने विसळून घ्या, म्हणजे उतार कमी पडेल.

३. इथे दुसरे भांडे लागते, कारण पाणी मगात आहे आणि कॉफीही मगातच उतरायची आहे. नळकांडे हॉटेलच्या दुसऱ्या कपावर ठेवा, पुडी रिकामी करा, टिचकी मारून कॉफी सपाट करा. मगातले सगळे पाणी दहा-पंधरा सेकंदांत ओता. पूड कुठे कोरडी राहू देऊ नका. ओतून झाले की नळकांडे लगेच उचलून रिकाम्या मगावर ठेवा. या गडबडीत कपात गळालेले चार थेंब शेवटी मगात घाला.

४. ढवळणीने पुढे-मागे चार-पाच वेळा ढवळा. गोल फिरवले तर पूड पाण्याबरोबर नुसती फिरते, मिसळत नाही.

५. दट्ट्या वरून सेंटिमीटरभर आत घाला आणि अगदी किंचित वर ओढा. गळती थांबते. नळकांड्यातून थेंब बाहेर पडला की आतल्या हवेला जास्त जागा मिळते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाणी अडवून धरते. नळकांडे उलटे धरून कॉफी भिजवायची आणि मग पालथे करायचे, अशी एक पद्धत फार चालते. तिचाही हेतू गळती थांबवणे हाच. पण हलत्या जागी, अनोळखी टेबलावर, उकळत्या पाण्याने भरलेले नळकांडे पालथे करू नये. दट्ट्याने तेच साधते आणि हात भाजत नाहीत.

६. दीड मिनिट थांबा. नंतर मग आणि एरोप्रेस दोन्ही हातांनी एकत्र धरून हलकेच गोल फिरवा. वर तरंगणारी पूड खाली बसते आणि तिचा थर सपाट होतो. आणखी अर्धा मिनिट थांबा.

७. आता दाबा, तेही सावकाश. पूर्ण खाली जायला अर्धा मिनिट लागले पाहिजे. मनगटाने दाबू नका. कमरेच्या खाली येईल अशा जागी, बाकावर किंवा पायरीवर मग ठेवा, तळहात दट्ट्यावर सपाट टेकवा आणि धडाचा भार हळूहळू सोडा. दुसऱ्या हाताने नळकांडे धरा. दट्ट्या अडला तर जोर वाढवू नका; क्षणभर भार कमी करा आणि पुन्हा सुरू करा.

८. फस्स असा आवाज आला की पाणी संपले, हवा जाऊ लागली. तिथे थांबा. दट्ट्या थोडा मागे ओढा म्हणजे टपटप थांबेल.

चोथ्यात थोडे पाणी राहते, म्हणून कप साधारण १७० मिलीचा होतो. हीच कॉफी काळी प्यायची. आधी साखर न घालता एक घोट घ्या, कारण पुढच्या सगळ्या दुरुस्त्या त्या घोटावर ठरतात.

दूध घालून

वरच्या कॉफीत दूध घातले तर ती फिक्की पडते. दुधासाठी १८ ग्रॅमची वेगळी पुडी करा आणि पाणी ९० मिलीच घ्या. ढवळणे थोडे जास्त, थांबणे एक मिनिट, दाबणे तसेच. खाली दाट अर्क उतरतो. त्यात १०० ते १२० मिली कढत दूध घाला. दूध गार असेल तर कॉफी कोमट होते आणि कोमट कॉफीत गोडवा वाटत नाही. हॉटेलातल्या दूध पावडरच्या पुड्या आधी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवा आणि मग घाला, नाहीतर गुठळ्या वर तरंगतात.

हा अर्क एस्प्रेसो नव्हे. एस्प्रेसो यंत्रात पाण्याचा दाब ९ बारच्या आसपास असतो. तळहाताने दाबून एक बारही होत नाही. पण दुधाबरोबर तो छान उभा राहतो, आणि ज्यांना फिल्टर कॉफीची सवय आहे त्यांनाही तो आपला वाटतो.

पाणी आणि ते तापवणे

हॉटेलच्या किटलीत लोक अंडीही उकडतात. एकदा पाणी उकळून फेकून द्या, मग आपले पाणी घाला. नळाचे पाणी क्षारांचे असेल तर कॉफी खडूसारखी, बोथट लागते. आरओचे फार मऊ पाणी उलट चव फिक्की करते. बाटलीबंद पाणी बहुतेक ठिकाणी चालून जाते. जागतिक कॉफी संस्थांचे माप लिटरला १५० मिलिग्रॅम क्षारांच्या आसपास असते. ते गाठायच्या मागे प्रवासात लागू नका.

रेल्वेच्या डब्यात विजेची किटली लावायला मनाई आहे. तिथली सॉकेट मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरपुरती असतात. थर्मास न्या. भरण्याआधी त्यात उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ओतून द्या आणि मग गळ्यापर्यंत भरा; अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. थर्मासचे पाणी मगात न घेता थेट नळकांड्यात ओता आणि थांबण्याची वेळ एक मिनिटाने वाढवा. गाडी चालू असताना दाबू नका, स्थानक येऊ द्या. एसटी स्टँडवर चहाच्या टपरीवर पैसे देऊन उकळते पाणी मागितले तर सहसा मिळते. ते चहाच्या पातेल्यातले नाही, एवढे बघा.

डोंगरावर पाणी लवकर उकळते, पण कमी तापमानाला. साधारण ३०० मीटर उंचीला एक अंश, असा हिशेब धरा. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळते, आणि तिथे काही बदलावे लागत नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ते ८८ अंशांच्या आसपास उकळते आणि कितीही वेळ आच दिली तरी त्यापुढे जात नाही. तिथे दळण एक पायरी बारीक करा, पाणी मगात न ओतता थेट नळकांड्यात घाला आणि तीन मिनिटे थांबा. गडद भाजणी अशा ठिकाणी बिनघोर चालते. अ‍ॅडलर यांची मूळ कृतीच ८० अंशांच्या पाण्याची होती.

सह्याद्रीतल्या गडांवर टाक्याचे पाणी वापरणार असाल तर कापडाने गाळा आणि निदान एक मिनिट खळखळून उकळा. दिवाळीनंतर गवत वाळलेले असते. छोटी गॅस शेगडी उघड्या कातळावरच पेटवा, आडोशाला दगड लावा आणि विझवल्यावर निवेपर्यंत जागा सोडू नका. एका ठिणगीने डोंगर पेटतो. जिथे आग पेटवायला बंदी आहे तिथे थर्मासच न्या.

परदेशात विजेचा दाब पाहा. २३० व्होल्टची आपली १५०० वॉटची किटली अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर जेमतेम ४०० वॉट ओढते आणि पाणी उकळायला चौपट वेळ लागतो. तिथली किटली इथे लावली तर जळते. दोन्ही दाबांवर चालणारी घ्या, किंवा खोलीत कॉफी मशीन असेल तर त्यातून कॉफी न घालता नुसते पाणी दोनदा काढा. पहिले पाणी जुन्या कॉफीच्या वासासह फेकून द्या.

चव बिघडली तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. जिभेच्या कडेला झोंबणारा आंबटपणा म्हणजे कॉफीतून पुरेसे उतरले नाही: पाणी आणखी गरम घ्या, ते जमत नसेल तर एक मिनिट जास्त थांबा. घशात रेंगाळणारा कडवटपणा आणि तोंड कोरडे पडणे म्हणजे जास्त उतरले: पाणी उकळल्यावर दोन मिनिटे झाकण उघडे ठेवा. चव बरोबर पण पातळ असेल तर पाणी अर्धा बोट कमी करा.

दट्ट्या दगडासारखा अडला तर पूड फार बारीक आहे. सगळी दळून आणली असेल तर आता ती जाड होणार नाही, पण पुडीतली कॉफी १४ ऐवजी ११ ग्रॅमच्या अंदाजाने घातली की थर पातळ होतो आणि दट्ट्या उतरतो. दट्ट्या अजिबात अडत नसेल, सर्रकन खाली जात असेल, तर कागद दुमडला आहे, फाटला आहे किंवा बसवायचाच राहिला आहे. दाबताना कॉफी सीलच्या बाजूने वर येत असेल तर सील झिजले; तात्पुरते ते पाण्याने ओले करून लावा, घरी आल्यावर नवे घ्या.

कागद संपले तर टिश्यू पेपर वापरू नका, तो उकळत्या पाण्यात विरघळून जाळीत अडकतो. स्वच्छ धुतलेल्या मलमलीचा दुहेरी तुकडा चालतो. खरे तर एक कागद धुऊन वाळवला की तीन-चारदा वापरता येतो. नेहमीच्या प्रवाशांनी स्टीलची जाळी घ्यावी. तिच्यातून तेल आणि थोडा बारीक गाळ उतरतो, कॉफी जरा भरदार होते.

धुणे आणि बांधणे

कॅप काढा, नळकांडे कचऱ्याच्या पिशवीवर धरा आणि दट्ट्या झटक्यात ढकला. चकती कागदासकट पडते. दट्ट्या पूर्ण पार ढकलून सीलचे टोक बाहेर आणा आणि ते पुसा किंवा पेलाभर पाण्याने धुवा. नळकांड्याची आतली बाजू सील पुसतच येते. बॅगेतही एरोप्रेस असाच, सील बाहेर ठेवून बांधा. नळकांड्याच्या मध्येच दाबून ठेवलेले सील आकार सोडते आणि महिन्याभरात हवा सोडू लागते. चकती बेसिनमध्ये टाकू नका, हॉटेलचा पाइप तुंबतो. डोंगरावरून ती पिशवीत परत आणा.

विमानाला एरोप्रेस आणि ग्राइंडर हातातल्या बॅगेत वरच ठेवा, तपासणीला काढून दाखवणे सोपे जाते. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत असेल तर वेगळी तपासणी होते. जास्तीची चेक-इन सामानात टाका किंवा बिया न्या. ऑस्ट्रेलियाला उतरताना भाजलेली कॉफीही खाद्यपदार्थ म्हणून फॉर्मवर लिहा. शेगडीचा गॅसचा डबा विमानात कुठल्याच बॅगेतून चालत नाही, रेल्वेतही नाही. तो पोहोचल्यावरच विकत घ्या.